पट्टी

मार्चचा शेवटचा आठवडा. नदी अजून फुटलेली नाही.
पलीकडे कॅनडा, अलीकडे मेनच्या टोकाचं आमचं गाव,
त्याची नगरपालिका म्हणजे एक खोली, एक हीटर
आणि घरांची आकारणी करणारी मी.

ओनेझीम सीरच्या अंगणात पोचले
तेव्हा तो लांब दांड्याच्या फावड्यानं
छपरावरच्या पॅनेलांचा बर्फ ओढत होता.
बर्फ धप्पकन माझ्या बुटांवर.
"क्लोदेतची पोर ना तू?
तुझ्या आईनं कधी कुणाचं छप्पर मोजलं नाही."
आई शाळेत भूमिती शिकवायची. मी गप्प राहिले.

एकवीस पॅनेलं.
बाविसावं बसलं असतं तिथं धुराडं आहे.
मी वहीत लिहिलं, एकवीस.
तो माझ्या पेन्सिलीकडे बघत होता,
डॉक्टर काय लिहितोय ते बघावं तसा.

"बटाटे काढायचं यंत्र विकून बसवलंय हे.
यंत्र होतं तेव्हा त्याची पट्टी भरली.
यंत्र गेलं, ऊन आलं,
आता उन्हाचीही भरू?"

उन्हाची नाही, मी म्हटलं.
काचेची. चौकटीची. छपरात पिळलेल्या स्क्रूंची.
उद्या घर विकलंत तर गिऱ्हाईक
जे चार पैसे जास्त मोजेल, त्यांची.

"मी विकणार नाही."

ठाऊक आहे.
पण आमचे कागद असं धरून चालतात
की गावातलं प्रत्येक घर
रोज सकाळी उठून बाजारात उभं राहतं.

मग पिशवीतून अर्ज काढला. एकच पान.
एक एप्रिलच्या आत दिलात तर सगळं माफ,
जणू छपरावर काही नाहीच.
तेव्हा कुठे तो हसला.
"म्हणजे तू आलीस, शिडी लावलीस, मोजलंस,
आणि लिहिणार काय, तर नाही?"
नाही म्हणायलाही आधी मोजावं लागतं, ओनेझीम.

त्यानं स्वयंपाकघरात नेलं. तव्यावर कुट्टूची धिरडी.
भिंग घेऊन अर्ज वाचला, दोनदा.
पेनातली शाई गोठलेली. ते चुलीशी धरलं, मग सही.

रात्री ऑफिसात मी भागाकार मांडला.
गावाचा खर्च ठरलेला असतो:
शाळेची बस, रस्त्यावर टाकायचं मीठ, बंबाचं पुढचं टायर.
एका छपरावरून उतरलेलं ओझं हवेत विरत नाही,
ते बाकीच्या छपरांवर भुरभुरतं,
कुणाला जाणवू नये इतपत.

फ्लोरियन वेलेट, ट्रेलरमध्ये राहतो,
स्प्रूसच्या दाट राईत, दुपारीही दिवा लागतो त्याच्याकडे:
एकोणीस सेंट.
चर्चच्या मनोऱ्यामागचं, उत्तरेला उतरत्या छपराचं घर:
बेचाळीस सेंट. ते माझं.

कुणी चोरी केलेली नाही. कायदा चांगला आहे,
मी स्वतः सभेत त्याच्या बाजूनं हात वर केला होता.
तरी ते एकोणीस सेंट
दाताच्या फटीत अडकल्यासारखे राहिले.

घराच्या कार्डावर वरून दिसणारा नकाशा काढतात.
आईची बारा इंची पिवळी पट्टी घेतली,
कडा झिजलेली, सातच्या पुढचे आकडे पुसलेले,
आणि एकवीस चौकोन आखले.
मोजायची तीही पट्टी, भरायची तीही पट्टी.
चौकोनांखाली किंमत लिहिली: शून्य.

दोन तारखेला ऑफिसच्या पायरीवर एक पिशवी,
परसातले बटाटे, कोंब फुटू लागलेले. चिठ्ठी नाही.
मला भेटवस्तू घेता येत नाही.
म्हणून वजन केलं. पाच पौंड.
नोंदवहीत टिपायचं होतं, टिपलं नाही.

गाडी काढली, राईत गेले.
फ्लोरियन दिव्याखाली रेडिओ उघडून बसला होता.
"कुठले गं हे?"

उन्हातले, मी म्हटलं.